समोरचं माहेर

माझं माहेर माझ्या सासरच्या बरोबर समोर होतं. गिरगावातल्या आमच्या वाडीत मधली गल्ली इतकी अरुंद, की एका घराच्या गॅलरीतून दुसऱ्या घराच्या गॅलरीत आमटीची वाटी हातोहात जायची. माझी वरात एका दारातून निघून लगेच समोरच्या दारात शिरली असती, म्हणून बँडवाल्यांना मोठ्या रस्त्यावरून वळसा घालून परत यायला सांगितलं होतं. पाठवणीला आई रडली नाही. "रडू कशाला? उद्या हिचं दूध उतू गेलं तर मला इथूनच दिसेल," असं ती जमलेल्या बायकांना म्हणाली. आणि तसंच व्हायचं. ती समोरून हाका मारायची आणि मी गॅसकडे धावायची.

आईवडील गेल्यावर त्या घरात दादा आणि वहिनी राहिले. दादा माझ्याहून बराच मोठा. सरकारी खात्यात इमारतींचे नकाशे काढायची त्याची नोकरी. त्यांना मूलबाळ नव्हतं. वहिनी डिलाईल रोडच्या चाळीतली, मूळ मालवणकडची. तिचे वडील गिरणीत होते. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या घराचे नक्षीदार खांब, कठडे, दारांवरच्या लाकडी पानाफुलांच्या महिरपी बघून ती मला हळूच म्हणाली होती, "हे घर आहे की देवाचा रथ गो? एवढी नक्षी पुसायची कोणी?" मग ती आयुष्यभर तीच पुसत राहिली. नारळाच्या काथ्याचा बारीक ब्रश करून ती फुलांच्या खाचांतली धूळ काढायची.

वाडीतली सगळीच घरं त्या तऱ्हेची होती. दुमजली, लाकडी, वर मंगलोरी कौलं. वाडीच्या टोकाला ख्रिस्ती शेजाऱ्यांचा एक क्रूस, त्याला रविवारी झेंडूचा हार. गणपतीत त्यांच्याकडून आमच्याकडे केक यायचा आणि नाताळात आमच्या करंज्या त्यांच्याकडे जायच्या. हे सगळं मी आता सांगतेय म्हणून काहीतरी विशेष वाटतं. तेव्हा ते नळाच्या पाण्यासारखं होतं, कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

लक्षात आलं ते वाडीच्या तोंडावरचं घर पडलं तेव्हा. मालकाची मुलं उपनगरात गेली होती. त्यांनी घर बिल्डरला दिलं आणि त्या जागी एक उंच इमारत उभी राहिली. खालचे कितीतरी मजले नुसत्या गाड्यांचे. दुपारनंतर त्या इमारतीची सावली अर्ध्या वाडीवर पडायला लागली. वाळत घातलेले पापड वाळेनात. त्याच सुमारास दादा निवृत्त झाला आणि त्याने वाडी वाचवायचं मनावर घेतलं.

क्रूसासमोरच्या मोकळ्या जागेत खुर्च्या टाकून त्याने पहिली सभा घेतली. दादा मुळात अबोल, पण त्या दिवशी तो चांगलं बोलला. म्हणाला, "एक घर पडलं की शेजारच्याचा जीव घाबरतो. मग तोही विकतो. आपण सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं तरच नाही म्हणता येईल." लोकांना पटलं. कोणीही बिल्डरशी एकट्याने बोलायचं नाही असं ठरलं. शिवाय घरांची पुढची बाजू बिघडवायची नाही, हेही ठरलं. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या नकोत, गॅलऱ्या बंद करणं नको, दर्शनी भागावर लाद्या नकोत. दादा दारोदार फिरायचा आणि मी त्याच्याबरोबर. लोक त्याचं ऐकायचे, कारण त्याने स्वतःच्या घराची गॅलरी आधी दुरुस्त करून दाखवली होती. पाडलेल्या घरांचं जुनं सागवान वखारीत जाऊन तो निवडून आणायचा आणि सुतारापाशी दिवसभर बसून राहायचा.

कधीकधी तो फार ताणायचा. कोपऱ्यावरच्या घरातल्या सुनेचं बाळ रांगायला लागलं होतं. तिला गॅलरीला लोखंडी जाळी बसवायची होती. दादा म्हणाला, "जाळी नको. मी लाकडी करून घेतो, बाकीच्या कठड्याला शोभेल अशी." सुताराने ती करायला पावसाळा घालवला. तोवर त्या बिचारीने कठड्याला जुन्या साड्या गुंडाळून ठेवल्या आणि बाळाच्या मागेमागे फिरत राहिली. शेवटी जाळी आली, सुंदरच आली. पण तोवर बाळ चालायला लागलं होतं.

पुढे वाडीचं नाव झालं. कॉलेजातली मुलं वाडीत बसून घरांची चित्रं काढायला लागली. रविवारी सकाळी कॅमेरे घेऊन घोळकेच्या घोळके यायचे. कोणीतरी त्यांना माहिती सांगायचं आणि ते माना वर करून आमची वाळत घातलेली धुणी बघायचे. महापालिकेच्या कागदावर आमची वाडी जपण्याजोगी ठरली, पण ती जपायची कोणी आणि कशी, याबद्दल त्या कागदावर काही नव्हतं. तरी दादा खूश होता. त्याच दिवसांत आमच्या माहेरच्या घराचा तळमजला एका कपड्यांच्या दुकानाला गेला. तळमजला काकांच्या वाटणीचा, आणि काकांची मुलं परदेशात. दुकानवाल्यांनी जुनी दारं घासूनपुसून तेल देऊन चकचकीत केली. दादा मला म्हणाला, "बघ, अशी माणसं आली तर वाडी टिकेल."

एका सकाळी मी स्वयंपाकघरात डबे भरत होते. समोर वहिनी घावणे घालत होती. माझ्या खिडकीतून तिचं स्वयंपाकघर दिसायचं. तव्यावरून धूर निघाला, तरी ती तशीच उभी. मी ओरडले, "वहिनी, तवा!" तिने माझ्याकडे वळून पाहिलं आणि तिचं अर्धं तोंड खाली ओघळलेलं मला दिसलं.

मी धावत गेले. दादा अंघोळीला गेला होता. मी तव्याखालचा गॅस बंद केला, तोवर ती जमिनीवर बसली होती. तिचा उजवा हात लुळा पडला होता. नवऱ्याने अॅम्ब्युलन्स बोलावली, ती वाडीच्या तोंडाशी थांबली. गल्लीत गाडी येत नाही. माणसं स्ट्रेचर घेऊन आली आणि जिन्यापाशी अडली.

आमचा तो जिना घराच्या आतून होता. अंधारा आणि शिडीसारखा उभा. धरायला वरून सोडलेला जाड दोर. लहानपणी त्याला लोंबकळायला आम्हाला फार आवडायचं. पण मधल्या वळणावर स्ट्रेचर वळेना. उभं करून बघितलं, तिरकं करून बघितलं. शेवटी वहिनीला लाकडी खुर्चीत बसवून चादरीने बांधलं आणि वाडीतल्या चौघांनी खुर्ची पायरी-पायरीने उतरवली. दादा खालच्या बाजूला होता. खाली सगळी वाडी जमलेली. वहिनीची साडी गुडघ्यांपर्यंत वर गेली होती. ती डाव्या हाताने ती खाली ओढू बघत होती, पण चादरीमुळे हात पोचत नव्हता. मी पुढे होऊन साडी नीट केली. तिने डोळे मिटून घेतले होते.

जीव वाचला. दोन-तीन आठवड्यांनी तिला घरी आणलं आणि तशीच खुर्चीत बांधून वर चढवली. त्यानंतर ती खाली उतरली नाही. डॉक्टर म्हणाले होते, यांना रोज सपाट जमिनीवर चालवा, बाहेर न्या, माणसांत बसवा. आमच्याकडे सपाट जमीन होती ती जिन्याच्या खाली. वहिनी गॅलरीत बसून राहायची. बोलणं हळूहळू परत आलं, पण आलं ते सगळं मालवणी. आमच्याशी इतकी वर्षं ती जी भाषा बोलत आली होती, ती कुठेतरी पुसली गेली. मी धुणं वाळत घालताना ती समोरून म्हणायची, "माका खाली घेवन चल गो." मी म्हणायची, "हो वहिनी, बरी हो, मग जाऊ." एकदा ती चिडून म्हणाली, "बरी होवक खालीच जावचा लागता मा?" 

दादाने लिफ्टचा नकाशा काढला. एका माणसापुरती छोटी लिफ्ट. घराच्या मागे जेमतेम गटाराएवढी फट, तिथे काही बसणार नव्हतं. मग पुढून, गॅलरीला लागून. तो रोज मापं घ्यायचा, रोज नवा कागद घ्यायचा. लिफ्ट कितीही बारीक केली तरी अर्धी गल्ली अडत होती. मग हातगाडी जाणार नाही, गॅस सिलिंडरवाला जाणार नाही, तिरडी जाणार नाही. तरीही त्याने तो कागद वाडीच्या सभेत ठेवला. पुढची बाजू बिघडेल, हेही आपणहून सांगितलं.

 मग कोपऱ्यावरच्या घरातली ती सून उठली. "दादा, माझ्या बाळासाठी मला साधी जाळी लावू दिली नव्हती तुम्ही. आठवतंय?"

"आठवतंय," दादा म्हणाला.

"मी नाही म्हणत नाहीये. वहिनींसाठी आम्ही काहीही करू. पण तेव्हा तुम्ही आमचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच."

"खरं आहे तुझं," असं म्हणून दादाने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. कोणी विरोध केला नाही, पण तो विषय त्याने पुन्हा काढलाच नाही. सभा संपल्यावर ती मुलगी माझ्या घरी येऊन रडली. तिचंही काही चुकलं होतं असं मला वाटत नाही.

मग दादाने काकांच्या मुलाला फोन केला. तळमजला आम्हाला राहायला दे, वरचा तू घे, दुकान वर चालव, असं काहीतरी तो सांगत होता. मी शेजारीच बसले होते. फोनवर तो चुलतभाऊ अगदी प्रेमाने बोलला. वहिनीची चौकशी केली. मग म्हणाला, "करार झालाय रे. आणि लोक त्या दुकानात खालची जुनी दारं बघूनच तर शिरतात." दादाने फोन ठेवला. खालच्या दुकानात मंद संगीत चालू होतं, ते वर ऐकू येत होतं.

एका रविवारी दादा आमच्याकडे आला. गॅलरीतून बोलायची सवय असल्यामुळे आम्ही एकमेकांच्या घरी पायऱ्या चढून क्वचितच जायचो. तो आत येऊन खुर्चीत बसला. नवरा पेपर वाचत होता, त्याने पेपर बाजूला ठेवला.

"मी हो म्हणून आलो," दादा म्हणाला.

"कोणाला?"

"बिल्डरला. आपलं घर आणि बाजूची दोन. ते दोघं केव्हाचेच तयार होते, माझ्यासाठी थांबले होते. काकांच्या पोरांनीही हो म्हटलंय."

मी त्याच्याकडे बघत राहिले. डोळे कोरडे, दाढी वाढलेली. मी म्हणाले, "दादा, नुसतं भाड्याने कुठेतरी जा ना. लिफ्टवाल्या इमारतीत. घर राहू दे."

"बंद लाकडी घर किती दिवस उभं राहतं? एक पावसाळा कौलं शाकारली नाहीत तर वाळवी धरते. आणि दोन्हीकडचा खर्च मला झेपायचा नाही. मी सगळं करून बघितलं गं."

"वहिनीला सांगितलंस?"

"सांगितलं. ती म्हणाली, घर पाडा असं मी कधी म्हटलं? मला खाली न्या म्हटलं."  माझा नवरा उठून त्याच्यासाठी पाणी आणायला गेला आणि बराच वेळ आतच थांबला.

वाडीने दादाशी बोलणं सोडलं. भांडण कोणी केलं नाही. तो गल्लीतून जाताना बायका आत वळायच्या, पुरुष मोबाइलमध्ये बघायचे. कोणीतरी त्याच्या दारावर त्याचंच जुनं पत्रक चिकटवलं, वाडी वाचवा असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. दादाने ते काढलं नाही. घर सोडेपर्यंत ते तिथेच होतं. माझ्याशी लोक बोलायचे, पण जपून. मी त्याची बहीण होते आणि वाडीतली सूनही होते. नेमकी मी कोणाच्या बाजूची, हे त्यांना कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं.

नवी इमारत होईपर्यंत त्यांना राहायला लोअर परळला जागा मिळाली. गिरणीच्या जमिनीवर बांधलेला टॉवर, खूप वरचा मजला, प्रशस्त लिफ्ट. तिथे वहिनीची तब्येत सुधारली, हे सांगितलंच पाहिजे. रोज संध्याकाळी दादा तिला व्हीलचेअरवरून खाली न्यायचा. मी गेले की मी न्यायची. डिलाईल रोड तिथून जवळच. तिची चाळ अजून उभी होती, पण तिच्या ओळखीचं तिथे कोणी उरलं नव्हतं. तरी तिला त्या फुटपाथवर बसायला आवडायचं. भाजीवालीशी घासाघीस करायची, एक मुळ्याची जुडी मांडीवर ठेवून घरी यायची. टॉवरच्या फाटकात शिरताना एकदा ती म्हणाली, "हय माजो बापूस कामाक यायचो." आणि हसली. आजारपणानंतर तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दादा तिच्या मागे व्हीलचेअरच्या मुठी धरून उभा होता. तो हसला नाही.

घर पाडायला आले तेव्हा दादा आला नाही. मी ऑफिसातून रजा घेतली होती. का घेतली, मला माहीत नाही. हिरवं कापड लावून त्यांनी आधी कौलं उतरवली, मग वासे, मग कठडे. नक्षीची लाकडं वेगळी रचून ठेवत होते, कारण ती विकली जातात. माहेरच्या स्वयंपाकघराची पुढची भिंत पडली तेव्हा मागच्या भिंतीवर आईच्या चुलीच्या काळापासूनचा काजळीचा काळा पट्टा उघडा पडला. गल्लीतून जाणारे येणारे तो बघत होते. मला तो झाकावासा वाटला.

आणि मग माझ्या घरात ऊन आलं. इतकी वर्षं समोरच्या घरामुळे आमची पुढची खोली अंधारी असायची, दिवसाही दिवा लावावा लागायचा. आता सकाळचं ऊन थेट देव्हाऱ्यापर्यंत यायला लागलं. आलेगेले म्हणायचे, किती छान उजेड झाला हो तुमच्याकडे. धुणं दोन तासांत खडखडीत वाळायचं. मला ते बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय हे लक्षात आलं की मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायची.

पाया खणून झाला आणि काम थांबलं. परवानगी अडली असं एकजण सांगतो, बिल्डरच्या भागीदारांत भांडण झालं असं दुसरा सांगतो. चहूबाजूंनी निळे पत्रे ठोकलेत. आत खड्ड्यात पाणी साठतं, पावसाळ्यात बेडूक ओरडतात, डास होतात. खणताना बसलेल्या हादऱ्यांनी आमच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेलीय. रविवारी घोळके अजूनही येतात. माहिती सांगणारी मुलगी त्यांना पत्र्यांपाशी थांबवत नाही, थेट क्रूसाकडे घेऊन जाते.

वहिनी त्या टॉवरमध्येच गेली. एका उन्हाळ्यात दुसरा झटका आला आणि दोन दिवसांत सगळं संपलं. वाडीतले बरेचजण आले होते. कोपऱ्यावरच्या घरातली सून सगळ्यांत आधी आली आणि शेवटपर्यंत थांबली. इतकी माणसं त्या वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात अवघडून उभी होती.  दादाच बोलला. प्रत्येकाला तो एकच सांगत होता, "पाऊस जवळ आलाय. कौलं शाकारून घ्या. या वर्षी टाळू नका." लोक मान डोलवत होते. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांतल्या दोन घरांची बोलणी बिल्डरशी चालू होती, ते मला माहीत होतं. दादाला माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही.

आता दादा तिथे एकटा राहतो. मी त्याला आमच्याकडे ये म्हटलं, तर म्हणाला, "तिथून समोर काय दिसतं ते माहितीय मला." वाडीत तो पुन्हा आलेला नाही. मी रविवारी त्याच्याकडे जाते. पोळ्या करते, कपड्यांना इस्त्री करते. 

परवा मीच त्याला आग्रह करून खाली बागेत नेलं. आम्ही बाकावर बसलो. मुलं सायकली फिरवत होती, कोणी कोणाला हाक मारत नव्हतं. ऊन उतरल्यावर आम्ही परत निघालो. दारावर नवा वॉचमन होता. त्याने वही पुढे केली आणि विचारलं, "किस विंग में जाना है, अंकल? फ्लॅट नंबर?"

दादा उभा राहिला. वर बघितलं, एकसारख्या खिडक्यांकडे. मग माझ्याकडे वळला. त्याला आठवत नव्हतं. सबंध आयुष्यात घर विचारलं की त्याने नुसतं वाडीचं नाव सांगितलं होतं आणि ते पुरलं होतं.

मी नंबर सांगितला. वॉचमनने तो लिहून घेतला आणि आम्हाला आत सोडलं.